पाचवा खड्डा

६ जानेवारी, सोमवार

आले बाई एकदाची! टेम्पोवाल्याने सामान दारात उतरवलं आणि विचारलं, मावशी, एवढ्या सामानाला तुमच्या मदतीला कुणीच नाही का? मी म्हटलं, आहे की, तू. मग मुकाट्याने कपाट आत आणून दिलं त्याने.

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे वीतभर अंगण आणि अंगणाला लोखंडी फाटक. फाटकाबाहेर थेट मैदान. नुसतं गवत, ना कुंपण ना झाड. घरमालक इतके उंच आहेत की प्रत्येक दारातून वाकून येतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव जिराफ ठेवून टाकलं. जिराफ म्हणाले की त्या मैदानात पूर्वी आठवड्याचा बाजार भरायचा, तो बंद पडून पस्तीस वर्षं झाली, आता तिकडे कुणी फिरकत नाही. तुम्ही खुशाल हिंडा, खणा, काय हवं ते करा.

घर ह्यांनीच बघून ठेवलं होतं. बाजार भरतो तिथे लोकांच्या खिशातून नाणी पडतात आणि ती कुणी शोधत नाही, हे ह्यांचं ठाम मत. निवृत्त झालो की मैदानालगत राहायचं, मेटल डिटेक्टर घ्यायचा आणि दोघांनी मिळून जुनी नाणी हुडकायची, असं चार वर्षं घोकत होते. शेवटी मशीन मागवलं, आणि ते दारात यायच्या तीन आठवडे आधी स्वतःच निघून गेले. खोक्यावर सही मी केली. आठ महिने ते पलंगाखाली होतं. पुसायला वाकले की खोक्याला शिव्या घालायचे.

ही वही त्याच खोक्यातली. वर छापलंय, ‘सापडलेल्या वस्तूंची नोंद’. तारीख, जागा, खोली, आवाज. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लोकांची बोलणी जोडून दिली, माझं बोलणं ऐकायला आता ही वही. आज सापडलेली वस्तू: चहाची गाळणी, तीही गादीच्या गुंडाळीत!

८ जानेवारी, बुधवार

आज खोकं उघडलं. उघडताना रडू येईल असं वाटलं होतं, पण थर्माकोलने इतका वैताग दिला की रडायचं राहूनच गेलं. दांडा, दांड्याच्या टोकाला थाळीएवढी तबकडी, मधे छोटा पडदा आणि बिनतारी हेडफोन. हेडफोन कानावर चढवला आणि आपोआप तोंडातून निघालं, ‘बोला.’ एक्स्चेंजमध्ये मी चौदा नंबरच्या बोर्डवर बसायचे. दिवसातून हजारदा हा शब्द. हसू आलं माझं मलाच.

माहितीपुस्तिका दोनदा वाचली. नवख्या माणसाने आधी चाचणीचा वाफा करायचा. म्हणजे आपल्याच अंगणात माहीत असलेल्या वस्तू ओळीने पुरायच्या आणि वरून तबकडी फिरवून प्रत्येकीचा आवाज कानाला ओळखीचा करायचा. आवाज ओळखण्यात मला कोण हरवणार! दोन दोन हातांवर पाच खड्डे केले. पहिला, खिळा. दुसरा, सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच. तिसरा, तांब्याचं नाणं. चौथा, पोराचा लहानपणीचा चांदीचा चमचा, त्याच्यावर त्याच्या दातांचे खड्डे आहेत.

पाचव्याला सोनं हवं असं पुस्तिका म्हणते. माझ्याकडे सोनं म्हणून काय, तर ह्यांची अंगठी. दवाखान्यात बोट सुजलं तेव्हा नर्सने ती कापून काढली होती, तशीच चिरलेली रुमालात बांधून ठेवलीय. ह्यांचं म्हणावं असं तेवढंच माझ्याजवळ उरलंय. बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हटलं, तुमच्याच मशीनसाठी आहे, जा.

लोखंडाला आवाज घोगरा, तांब्याला भरीव, चांदीला उंच. अंगठीचा मात्र फाटका, खरखरीत. पुस्तिकेत तेही आहे: अखंड अंगठीचा आवाज गोल आणि स्वच्छ येतो, चिरलेलीचा फाटका. वस्तू पंधरा दिवस तशाच राहू द्यायच्या, माती बसली की खरा आवाज कळतो. म्हणजे बावीस तारखेपर्यंत.

१० जानेवारी, शुक्रवार

आज मैदानावर मुहूर्त केला! सकाळी नऊला, टोपी घालून, पिशवीत खुरपं, फडकं आणि ही वही. फाटकापासून बरोबर पंधरा पावलांवर (माझी पावलं, म्हणजे गुडघेदुखीवाली, आखूड) मशीन घोगरं बोललं. वीतभर खणलं. काय निघालं? खिळा! माझ्या वाफ्यातल्यासारखाच वाकडा खिळा. एवढी हसले की दम लागला. सांगायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून ह्यांना सांगितलं.

खड्डा नियमाप्रमाणे बुजवला. ह्या छंदाचा हा पहिला धर्म आहे म्हणे. आधी गवताची गोल चकती कापून बाजूला ठेवायची, माती फडक्यावर काढायची, आणि परत भरताना आधी खालची तांबडी, मग वरची काळी, मग चकती बसवून पायाने दाबायची. इथे कुणी खणलं होतं हे कुणाला कळताच कामा नये. मला ते फार छान जमलं. मागे वळून पाहिलं तर मलाच जागा सापडेना.

११ जानेवारी, शनिवार

खिळ्याच्या पुढे सरळ रेषेत आणखी पंधरा पावलं. आज दोन विती खाली. पत्र्याचं बूच.

आधी खिळा, मग बूच. ह्यांनी वरून माझी थट्टा चालवलेली दिसतेय.

एक नोंदवून ठेवते. मशीन गप्प असतं तेव्हा हेडफोनमध्ये नुसती शांतता असायला हवी. पण शांततेतही दोन प्रकार असतात, ते आम्हा ऑपरेटरांना कळतात. तार रिकामी असली तर एक, आणि तिकडे कुणीतरी रिसीव्हर उचलून न बोलता ऐकत असलं तर दुसरा. श्वास ऐकू येत नाही, पण कळतं. मैदानावर मला आज दुसरा प्रकार ऐकू आला. वय झालं, दुसरं काय.

१२ जानेवारी, रविवार

पोराचा फोन. सात मिनिटं बोलला, नेहमी चारच असतात. सव्वीस तारखेला येतोय म्हणाला! दोन दिवस राहणार. आणि म्हणाला, आई, बाबांची अंगठी मला दे, मी ती बोटात घालणार आहे, तू सोनाराकडून जोडून आणणार होतीस ना? मी म्हटलं, हो तर, आणते की. आठ महिने मी आज नेते उद्या नेते करतेय. सोनाराने तापवली तर ह्यांच्या बोटाचं काहीतरी त्यातून निघून जाईल असं वाटत राहतं. हा वेडेपणा त्याला कसा सांगणार!

अंगठी सध्या जमिनीत आहे हेही सांगितलं नाही. उगाच डोक्याला ताप करून घेईल. बावीसला काढायची, तेवीसला सोनार, सव्वीसला पोराच्या हातात. बाप गेल्यापासून त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

फोन ठेवल्यावर घर फारच गप्प झालं. उगाचच चार भांडी घासली.

१४ जानेवारी, मंगळवार

नाणं!! तांब्याचं, खरंखुरं! त्याच रेषेत, बुचापासून पंधरा पावलांवर, चांगलं हातभर खाली. मातीतच बसकण मारली आणि रुमालाने पुसून पुसून बघितलं. ह्यांना किती आनंद झाला असता. आधी वाईट वाटलं आणि मग आनंद झाला, की दोन्ही एकदमच, देव जाणे.

घरी येऊन भिंगाखाली धरलं. मी वाफ्यात पुरलं त्याच सालचं आहे.

खिळा, बूच, नाणं. माझ्याच वाफ्याचा क्रम. योगायोग म्हणायचं, दुसरं काय म्हणणार. पण जेवता जेवता उठून पुन्हा भिंग लावलं.

१६ जानेवारी, गुरुवार

खुरप्याने भागेना म्हणून सकाळी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन फावडं आणलं. दुकानदार मोठा बोलघेवडा. म्हणाला, तुमच्या आधी त्या घरात एक मास्तर राहायचे, निवृत्त, एकटेच. त्यांनीही आधी खुरपं नेलं, मग फावडं, मग माझी शिडी मागून नेली. शिडी काही परत आली नाही, एक दिवस मास्तर गेले निघून. मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, बहिणीकडे गेले असतील, एकट्या माणसाची चौकशी कोण करत बसतो. मग माझ्याकडे बघून जरा ओशाळला.

चौथी जागा. पंधरा पावलं. उंच आवाज, चांदीचा. कमरेइतकं खणलं, माती भुसभुशीत, फावडं आपसूक आत जात होतं. पुस्तिका म्हणते, दीड हाताखालच्या लहान वस्तूचा आवाज येतच नाही. मग हा कसा आला?

चमचा निघाला. चांदीचा, लहान. दांड्यावर दातांचे खड्डे. चार.

खड्डा बुजवून (होय, तेव्हाही बुजवला, हाताला सवयच लागलीय) धावत घरी आले. मला धावता येतं हेच विसरले होते. अंगणातला वाफा उकरला. पाचही जागा रिकाम्या. वरच्या गवताच्या चकत्या मी बसवल्या तशाच होत्या, जरासुद्धा हललेल्या नव्हत्या. खिळा नाही, बूच नाही, नाणं नाही, चमचा नाही. अंगठी नाही.

मैदानातला चमचा आता ताटात ठेवलाय माझ्यासमोर. आमचाच आहे. पोराच्या दुधाच्या दातांची खूण मी विसरेन होय?

१७ जानेवारी, शुक्रवार

जिराफांना विचारलं, अंगणात कुणी आलं होतं का. नाही म्हणाले, फाटकाची कडी तर आतून आहे. पोलिसांत जाऊ का म्हटलं, तर म्हणाले, चमचा तुमच्याकडेच आहे, अंगठी तुम्हीच पुरलीत, मग तक्रार कसली करणार?

खरंय.

पाचव्या जागेवर गेले. फाटकापासून पंच्याहत्तर पावलं. तबकडी टेकवली आणि तोच आवाज आला. फाटका, खरखरीत. ह्यांची अंगठी. हजार आवाजांत ओळखेन. पडद्यावर खोलीचा आकडाच उमटत नाही, नुसत्या दोन रेघा.

जिराफांच्या बागेत काम करायला माळी येतो, त्याला हाताला धरून नेलं. हेडफोन दिला. त्याने बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, काही येत नाही, आजी. मी कानाला लावला तर खरखर स्वच्छ ऐकू येत होती. माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं ती मला चांगली ठाऊक आहे. एकट्या राहणाऱ्या बायकांकडे लोक असंच बघतात. खणायला नको म्हणाला. घरी नीट जा म्हणाला.

१९ जानेवारी, रविवार

पोराचा फोन. म्हणाला, आई, अंगठी जोडून झाली का? मी म्हटलं, उद्या-परवा मिळेल. तो म्हणाला, तुझा आवाज असा का येतोय, बरी आहेस ना? बरी आहे म्हटलं. सांगणार तरी काय? की जमिनीने तुझ्या बापाची अंगठी नेलीय? पहिल्या गाडीने येऊन मला डॉक्टरकडे नेईल. आणि अंगठी तिथेच राहील.

स्वतःच्या हाताने पुरली मी. एवढी एकच वस्तू होती.

२० जानेवारी, सोमवार

दिवसभर खणलं. छातीइतका खड्डा झाला. माती इतकी मऊ की कुणीतरी आधी उपसून परत भरल्यासारखी. आवाज तसाच, खालून. हात सोलवटले. उजेड होता तोवर काम केलं आणि पहिल्यांदाच खड्डा न बुजवता घरी आले. उद्या पुढचं.

२१ जानेवारी, मंगळवार

खड्डा नाही.

पंच्याहत्तर पावलं चार वेळा मोजली. सपाट गवत. गुडघे टेकून बोटांनी चाचपलं तेव्हा चकतीचा काठ लागला. आधी तांबडी, मग काळी, मग चकती, पायाने दाबलेली. अगदी माझ्या पद्धतीने. माझ्याहून छान.

हे मी कुणाला शिकवलेलं नाही. चार खड्डे बुजवले, तेव्हा मैदानात कुणी नव्हतं.

२२ जानेवारी, बुधवार

पुन्हा खणलं. आज लवकर झालं, माती अजून बसली नव्हती. डोक्याइतकं खाली गेले. चढउतार करायला दुकानदाराची शिडी मागून आणलीय. ही तरी परत आणून द्या हं, असं म्हणाला हसत हसत.

दुपारी फावडं लाकडावर लागलं. पूर्वीच्या एखाद्या झाडाचं मूळ असेल म्हणून हाताने माती बाजूला केली. पायरी होती. तिच्याखाली दुसरी. शिडी, मातीत उभीच्या उभी. हात लावला तर पायऱ्यांचा भुगा झाला.

मास्तरांनी नेलेली.

शिडी आत ठेवून खड्डा कोण बुजवतं?

वर आले. कशी आले, शिडी कशी घरी आणली, आठवत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

गेले नाही. कड्या लावून बसले. दुधवाला आला त्याला पाच मिनिटं उगाच बोलत उभं केलं. हवा कशी, मुलं किती, काहीबाही. त्याला घाई होती. गेला.

सोनाराला फोन केला, दुसरी अंगठी करून मिळेल का, त्याच मापाची. दोन आठवडे लागतील म्हणाला. आणि पोराला मी कुठलीशी अंगठी बापाची म्हणून देणार? माझ्याच्याने होणार नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळचे अकरा. मशीन बंद आहे, बॅटरी काढून टेबलावर ठेवलीय. हेडफोन खुंटीला. तरी त्यातून आवाज—

कानाला लावला. अंगठी. पण खरखर कमी. कालच्यापेक्षा— नाही, काल ऐकलीच नव्हती मी. परवापेक्षा गोल. चीर बुजत चालल्यासारखी.

मधल्या शांततेत कुणीतरी आहे. ऐकतंय. एकतीस वर्षं हेच काम केलंय, मला कुणी सांगू नये.

म्हटलं, बोला.

आवाज थांबला. मग एकदाच आला, लहान.

आता कळलं मला. मी पाच वस्तू पुरल्या, कशाचा आवाज कसा येतो ते शिकायला. तिकडूनही पाच पुरल्या. खिळ्यासाठी मी वीतभर आले. नाण्यासाठी हातभर. चमच्यासाठी कमरेइतकी. मी कशासाठी किती खाली उतरते ते शिकायला.

आणि अंगठीसाठी किती, तेही त्याला कळलंय.

जाणार नाही. लिहून ठेवते. जाणार नाही.

दुपारी चार. पोराचा निरोप आलाय. उद्या निघतोय, परवा सकाळी पोचेन. आणि खाली लिहिलंय, आई, अंगठी तयार ठेव, बाबांच्या हाताची आठवण येते.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळ. भर उन्हात जायचं, अंगठी घ्यायची, वर यायचं, बस. जिराफांच्या घराला कुलूप. माळी दिसला नाही. दुकानदाराला म्हटलं, नुसता उभा राहा रे वर, अर्धा तास. तो म्हणाला, दुकान कुणावर सोडू, संध्याकाळी येतो. संध्याकाळी अंधार. नको.

कुणी नाही. ठीक आहे.

खड्डा परत बुजवलेला. खणला. मास्तरांच्या शिडीचा भुगा झालाय पूर्ण. आज डोक्याच्या दुप्पट खाली गेले, माझी शिडी लावली. मशीन वर गवतावर ठेवलंय, चालू. हेडफोन कानात, म्हणजे जवळ पोचले की कळेल.

खालून लिहितेय. पेन्सिल बोथट झालीय.

सापडली! हाताने उकरता उकरता लागली. ह्यांचीच. आतल्या बाजूला तोच ओरखडा, पाना निसटला होता तेव्हाचा. जीव भांड्यात पडला.

पण चीर नाही. बोट फिरवून फिरवून बघितलं. अखंड आहे. कुणीतरी जोडलीय.

कोण जोडणार? अहो— तुम्ही आहात का?

घातली बोटात. माझ्या बोटाला कायम सैल व्हायची. आज बरोबर बसली. निघत नाही. असू दे, वर जाऊन साबण लावेन—

कानात घोगरा आवाज. लोखंड. माझं खुरपं?

मशीन वर आहे. कुणीतरी फिरवतंय. डावीकडून उजवीकडे, सावकाश, मी फिरवते तसं.

दुकानदार असेल. हाक मारली. मारली दोनदा—

हे असतील तर? असू देत ना. भीती नाही वाटणार मला. खरंच.

नाही. ह्यांनी मशीन कधी पाहिलंच नव्हतं. तबकडी अशी शेवटाला जराशी उचलायची, ही माझी सवय. गुडघ्यामुळे. वर माझ्यासारखंच—

शिडी हलली. धरली. वर गेली. हातातून वर—

आवाज आता गोल. स्वच्छ. सोनं. बरोबर माझ्या हातावर येऊन थांबलाय. हात बाजूला नेला, तो मागोमाग.

म्हटलं, बोला.

कुणी बोलत नाही. ऐकतंय.

पोरा, उद्या येशील तेव्हा मैदान सपाट दिसेल. गवत हिरवं असेल. फसू नकोस. फाटकापासून पंच्याहत्तर पावलं, माझी, आखूड. गुडघे टेक, बोटांनी काठ चाचप, मी कुठे आहे ते कळेल, तेवढंच. मशीन लावू नकोस, अंगठीचा आवाज आला तर अजिबात खणू न

माती पडतेय. मूठ मूठ. घाई नाही त्याला. आधी तांबडी, नियमाप्रमाणे. गुडघ्यापर्यंत आली. वर अजून उजेड आहे, वाटोळा, ताटाएवढा. हिच्यानंतर काळी पडेल, आणि मग गवताची च